चित्र काढताना समोर कोण असतं?

कलामहाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे, की चित्र नेमकं कोणासाठी काढायचं? घरचे म्हणतात, विकलं जाईल असं काढ. वर्गातले एक शिक्षक सांगतात, लोकांचा विचार मनात आला की कला संपली, फक्त स्वतःसाठी काढ. आणि फोनवर टाकलेल्या चित्राला दाद मिळाली तरच पुढचं काढायला हुरूप येतो, याची तिला भीती वाटू लागली आहे. व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी घ्याव्यात का, हेही तिला जाणून घ्यायचं आहे.

मी व्यक्तिचित्रांवर घर चालवलं, निसर्गचित्रं हौसेने केली, आणि बरीच वर्षं स्टुडिओच्या एका भिंतीशी अशीही चित्रं करतो आहे जी कोणी मागितलेली नाहीत. हात एकच, रंगही तेच. त्यामुळे या प्रश्नावर मी खूप विचार केला आहे, आणि माझं मत ठाम आहे. पाहणारा नसेल तर चित्र होतच नाही. ‘फक्त स्वतःसाठी’ काढणाऱ्याच्या आतही एक पाहणारा बसलेला असतो. तो कोण आहे, कसा घडला आहे, आणि काम चालू असताना त्याच्या जागी दुसरंच कोणी येऊन बसत नाही ना, इकडे चित्रकाराने जन्मभर लक्ष द्यायचं असतं.

तुम्ही रोज करता तीच गोष्ट आठवा. रंगवताना थोड्या थोड्या वेळाने आपण इझलपासून सहा-सात पावलं मागे जातो आणि डोळे किलकिले करून बघतो. जवळून ब्रशचे फटकारे दिसतात, चित्र दिसत नाही. मागे गेल्यावर कळतं की गालावरचा तो उबदार रंग जास्तच पुढे आला आहे, किंवा डोंगर आणि आभाळ यांच्यात अंतरच पडलेलं नाही. पुढे असताना आपण करणारे असतो, मागे गेलो की बघणारे होतो. काही जण हातात आरसा धरून चित्र बघतात, काही जण कॅनव्हास उलटा टांगतात. डोळ्याला झालेली सवय मोडावी आणि आपलंच काम परक्याच्या नजरेने दिसावं, एवढ्यासाठी ही खटपट. जो खरोखर एकांतात काम करतो, तोही दिवसभर स्वतःला असं परकं करून घेतच असतो.

हा परका माणूस आकाशातून पडत नाही. ज्या गुरूने तुमच्या रेखाटनातल्या खांद्यावर बोट ठेवलं, त्याचा डोळा त्यात असतो. तुम्ही तासन् तास समोर उभं राहून पाहिलेली मूळ चित्रं असतात. मावशीने एखाद्या चित्राकडे बघून ‘हिची साडी ओली वाटते गं’ म्हटलेलं असतं, तेही असतं. तो जितका कसून घडलेला, तितकं तुमचं काम वर जातं. ‘स्वतःसाठी काढतो’ म्हणणाऱ्या पुष्कळांचं काम काही वर्षांनी एकाच जागी फिरू लागतं, त्याचं कारण मला इथेच दिसतं. त्यांनी लोकांना बाहेर काढलं हे चांगलंच केलं, पण त्याबरोबर तो कठोर बघणाराही बाहेर गेला. उरली ती हाताची लाडकी सवय. पॅलेट नाइफचा, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीचा, एखादा ओढा छान जमतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा येतो. मग ‘मला जे वाटतं ते’ आणि ‘हाताला जे जमतं ते’ यातला फरक सांगणारं कोणी राहत नाही.

‘स्वतःसाठी’च्या बाजूने नेहमी दोन नावं पुढे केली जातात. त्यातलं पहिलं व्हॅन गॉगचं. जगाने ओळखलं नाही, तरी तो स्वतःसाठी काढत राहिला, अशी त्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. त्याची पत्रं वाचली की वेगळाच माणूस भेटतो. भाऊ थिओ त्याला दरमहा पैसे पाठवायचा आणि त्याच्या बदल्यात चित्रं थिओकडे जायची. हा व्यवहार 1884 मध्ये त्याने स्वतःच सुचवला होता. म्हणजे प्रत्येक चित्राला एक जाणता पाहणारा ठरलेला होता, आणि त्याला तो रंगांबद्दल सविस्तर लिहायचा. 1889 च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये तो ‘ला बर्सूझ’ नावाचं चित्र करत होता. पाळण्याची दोरी हातात धरलेली एक बाई, मागे फुलाफुलांचा भिंतीचा कागद. हे चित्र दूर समुद्रात मासेमारीला गेलेल्या खलाशांच्या बोटीतल्या केबिनमध्ये लावलं, तर त्यांना पाळण्यात असल्यासारखं वाटेल आणि अंगाई आठवेल, असं त्याने पत्रात लिहिलं आहे. हे चित्र स्वस्तातल्या दुकानातल्या रंगीत छापील चित्रासारखं दिसतं, हेही तो म्हणतो, आणि ती त्याला कमीपणाची गोष्ट वाटत नव्हती. त्याच्या मनासमोर थकलेले, एकटे पडलेले खलाशी होते. पॅरिसचा बाजार त्या वेळी त्या खोलीत नव्हता. माझ्या मते ते चित्र एवढं धीट झालं ते त्यामुळेच.

दुसरं नाव आपल्या जवळचं, अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे. 1924 ला नागपुरात जन्म, घराणं गोव्याचं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून 1948 ला डिप्लोमा. पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एका खोलीत राहिले. कोणाकडे फारसं जाणं-येणं नाही, वर्षाला मोजकीच पाच-सहा चित्रं. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर द्यायचे, खरवडायचे, कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलायचा. हातात साधन असण्यापेक्षा नुसतं बसून बघण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. 2001 मध्ये ते गेले. 2013 च्या डिसेंबरात मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांच्या आसपास गेलं, आणि तेव्हापासून त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. स्वतःसाठी काढणाऱ्या चित्रकाराचं उदाहरण म्हणून ते सांगितले जातात, त्यात तथ्य आहे. पण त्यांचं ‘स्वतः’ कशाने बनलं होतं ते बघा. भारतीय लघुचित्रांचा कसून केलेला अभ्यास, युरोपातला आधुनिक चित्रकार पाउल क्ले, झेन विचार. इतका घडलेला डोळा समोर बसलेला असताना त्यांना गर्दीची गरज नव्हती. आणि चित्र पुरं झाल्यावर त्यांनी ते दडवलंही नाही. प्रदर्शनं झाली, मुंबईच्या पंडोल गॅलरीने त्यांची चित्रं लोकांपर्यंत नेली. लोकांना त्यांनी लांब ठेवलं ते चित्र चालू असेपर्यंत.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला या. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांत लग्नाचा चौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं चौकोनी मंगलचित्र, काढतात. शेणाने सारवून वर गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. चौक काढायचा मान सवाशिणींचा. मध्ये पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तिथे कोणाला विचारून बघा, हे स्वतःसाठी काढता की लोकांसाठी? प्रश्नच लागू पडत नाही. तिथली पाहणारी देवी आहे, आणि देवीसमोर हलगर्जीपणा चालत नाही. लग्न झालं की चौक धुराने काळवंडतो, पुढच्या सारवणात जातो, त्याचं कोणाला दुःख नसतं. कलावंताची सही नसलेलं आणि तरीही इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलं आहे. एरवी ज्याला आपण ‘प्रेक्षक’ म्हणतो तो तिथे आहेच कुठे? तरीही त्या बायकांच्या हाताला शिस्त आहे.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले आणि भिंतीच्या जोडीला कागद आला. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नकार्याशिवाय, रोजच्या रोज चित्रं काढायला सुरुवात केली. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं होतं आणि जे सांगायचं ते धुळीत चित्रं काढून सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. तो मुलगा कोणाशी तरी बोलण्यासाठीच काढत होता. कागदावर आल्यावर पाहणारा बदलला. आता समोर शहरातला, परदेशातला अनोळखी माणूस होता, ज्याला चौकाचा अर्थ ठाऊक नाही. म्हसे यांनी त्याच्यासाठी देवीचा चौक स्वस्त केला नाही. त्यांनी वेगळे विषय घेतले, मासेमारीचं प्रचंड जाळं, शेतातली माणसं, मुंग्यांची वारुळं. ते जाळं तुम्ही पाहिलं नसेल तर जरूर पाहा. एकेक बारीक रेघ, आणि अख्खी चौकट भरून टाकणारा हेलकावा. 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 ला ते गेले. नव्या पाहणाऱ्यामुळे त्यांची कला मोठी झाली हे मला स्पष्ट दिसतं. आणि त्याच पाहणाऱ्यामुळे आज वारली माणसांच्या नाचाचा तोच तो गोल कपबशीपासून चादरीपर्यंत छापला जातो, हेही दिसतं आणि मनाला लागतं. म्हसे आणि हे छापणारे, दोघांपुढे बाजार एकच होता. म्हसे यांच्या आत मात्र पाड्यावरचा तो जुना डोळा शेवटपर्यंत जागा राहिला.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तिथे सर्वांत जास्त घासला जातो.

आपल्याकडे व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकांची मोठी परंपरा आहे. समोर उंच खुर्चीवर मॉडेल, एका बाजूने प्रकाश, साधारण दोन-अडीच तास, आणि पाठीमागे खुर्च्या टाकून बसलेले लोक. चित्रकारासाठी याहून सार्वजनिक जागा नाही, कारण चूक होतानाच लोकांना दिसते. काम कसं व्हायला हवं? आधी डोक्याचा कल आणि मानेचा आधार, मग अंधार-उजेडाचे मोठे भाग, मग मधल्या छटा, आणि डोळे-नाक-ओठ सगळ्यांत शेवटी. पहिला पाऊण तास कॅनव्हासवर चेहरा दिसतच नाही. मातकट, निळसर डाग दिसतात. मागे कुजबुज सुरू होते. खुर्च्या सरकतात. पाठीला कळतं की लोक कंटाळले आहेत. आणि अशा वेळी फार मोठा मोह होतो. एक डोळा रंगवून टाकावा आणि बुबुळावर पांढऱ्याचा टिपका ठेवावा. तो टिपका पडला की सभागृहातून ‘अहा’ येतोच येतो, न चुकता. अनेक चांगले चित्रकार इथे फसलेले मी पाहिले आहेत. डोळा सुंदर, पण तो ज्या कवटीत बसायचा तिचा कलच चुकलेला. मग टाळ्या मिळालेला तो डोळा पुसायला हात धजत नाही, आणि उरलेलं सगळं चित्र त्या एका डोळ्याची मर्जी राखत बसतं.

एवढं ऐकून तुमचे शिक्षक म्हणतील, बघा, लोकांमुळे चित्र बिघडलं. थांबा. त्याच प्रात्यक्षिकात जे ताजेपण येतं ते स्टुडिओत महिनाभर घासून येत नाही. मागे माणसं आहेत म्हणून तुम्ही घोळ घालत नाही. जे गरजेचं नाही ते आपोआप सुटतं. कपाळावरून ओढलेला एक ब्रश तसाच राहतो, कारण परत परत फिरवायला वेळ नाही. माझ्या ओळखीच्या चित्रकारांची काही सर्वोत्तम व्यक्तिचित्रं अशीच भर सभेत झालेली आहेत. लोकांची हजेरी हाताला धार देते. फक्त त्यांच्या अधीरतेला ब्रश देऊन टाकायचा नाही. मी स्वतः अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्या एखाद्या जुन्या चित्रकाराचा विचार करतो. तो डोळ्यातल्या टिपक्याची वाट बघत नसतो. जबड्याखालची सावली मानेवर नीट उतरते का, ते तो बघत असतो. त्याच्यासाठी रंगवलं की बाकीच्या सभागृहालाही शेवटी न्याय मिळतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे.

ऑर्डरच्या कामात पाहणारा आणखी जवळ येतो, कारण तोच पैसे देतो. एका कुटुंबासाठी मी त्यांच्या दिवंगत आजोबांचं चित्र जुन्या फोटोवरून करत होतो. फोटो स्टुडिओतला, पाठीला काठी बांधल्यासारखे ताठ बसलेले. कच्चं रेखाटन दाखवायला गेलो. मुलगा म्हणाला, “रंग थोडा उजळ करता आला तर बघा.” आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “असे कधी बसायचेच नाहीत हो ते. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं ना, म्हणून उजवा कान पुढे करून, मान अशी वाकडी.” आणि त्यांनी करून दाखवलं. मी मान वळवली, खांदा थोडा खाली घेतला, आणि फोटोत नसलेला माणूस चित्रात येऊन बसला. रंग मात्र उजळ केला नाही. मुलाला समोर बसवून समजावलं की उन्हात राबलेल्या त्या कातडीवर जो तांबूस प्रकाश पडतो, तोच या चित्राचा जीव आहे. त्याला पटलं. पाहणाऱ्याकडे माणसाबद्दल, जागेबद्दल माहिती असेल तेव्हा त्याचं मुकाट ऐकावं, ती माहिती आपल्याला कुठेच मिळणार नसते. त्याच्याकडे नुसती हौस असेल तेव्हा न चिडता, वेळ देऊन बोलावं.

तुमच्या घरच्यांच्या बोलण्याकडे याच नजरेने बघा. ते गिऱ्हाइकाबद्दल बोलत आहेत, आणि त्यांची काळजी खरी आहे. पण गिऱ्हाईक आणि पाहणारा हे एकच असतीलच असं नाही. चित्र विकत घेणारा कधी कधी ते फारसं बघत नाही, आणि ज्याला ते बघता येतं त्याच्या खिशात पैसे नसतात. पोटाचा प्रश्न वेगळा सोडवता येतो. चित्रकार प्रभाकर बरवे कितीतरी वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, आधी बनारसला, मग मुंबईत. नोकरीने घर चाललं, आणि त्यांच्या कॅनव्हासवरची घड्याळं, पानं, चाव्या कोणाच्या मागणीला बांधली गेली नाहीत. रोजच्या डायऱ्यांत ते विचार आणि रेखाटनं करत राहिले. उलट, दीनानाथ दलालांनी मासिकांची, पुस्तकांची मुखपृष्ठं हेच आपलं घर केलं आणि 1945 मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ हे नियतकालिक काढलं. दिवाळीत अंक हातात घेणाऱ्या मराठी घराची रंगांची जाण त्यांनी वाढवली. राजा रविवर्म्यांनी 1894 ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवघरातली लक्ष्मी कशी दिसते ते अख्ख्या देशासाठी ठरून गेलं. ही माणसं लोकांसाठी काम करत होती, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? त्यांनी लोकांना आपल्यापेक्षा कमी समजून काम केलं नाही, म्हणून ते टिकलं.

फोनचं म्हणाल तर तुमची भीती रास्त आहे. चारशे लोकांनी अंगठा दाखवला म्हणून चित्र वाईट होत नाही. धोका दुसरीकडे आहे. काचेच्या त्या लहानशा चौकटीत भडक रंग आणि तीव्र उजेड-अंधार उठून दिसतात. करडे, राखाडी, मधल्या छटांचे सूक्ष्म फरक तिथे मरून जातात. जलरंगातला ओल्यावर ओला सोडलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कागदाचा पोत, तैलरंगाची जाडी, यातलं काही फोनवर पोचत नाही. दाद मात्र तिथूनच येते. त्यामुळे हळूहळू हात फोनवर दिसेल तेच रंगवायला लागतो, आणि हे होताना कळतही नाही. दुसरं, अर्धवट चित्र टाकू नका. अर्ध्या चित्राला दाद मिळाली की ते पुरं करण्याची भूकच मरते. अवघड अर्धं तर पुढेच असतं. पुरं झालेलं खुशाल टाका.

त्याऐवजी मूळ चित्रं बघायला जा, एकटीने, वेळ काढून. सातारा जिल्ह्यात औंधला तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं अगदी जवळून पाहता येतात. छापील लक्ष्मी पाहून झालेला सगळा समज तिथे पाच मिनिटांत बदलतो. मुंबईत असाल तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आतला पाहणारा अशा ठिकाणी घडतो. आणि दोन माणसं अशी शोधा, ज्यांना काम दाखवताना थोडी धडधड होते. जे ‘वा, छान’ म्हणत नाहीत, कोपऱ्यात बोट ठेवतात. दोन पुरे झाली. एक वही अशीही ठेवा जी कोणालाच दाखवायची नाही, या दोघांनाही नाही.

चित्र अडलं तर भिंतीकडे तोंड करून ठेवा. पंधरा दिवस, महिना. मी आजही ठेवतो. सरळ केल्यावर पहिल्या क्षणी जे खटकतं ते बहुतेक वेळा खरं असतं, कारण त्या क्षणी तुम्ही ते चित्र काढलेलं नसतं, फक्त बघत असता.

ऑर्डरी घ्या. नक्की घ्या. व्यक्तिचित्रांत माणसाचं निरीक्षण जितकं होतं तितकं वर्गातल्या मॉडेलसमोर होत नाही. फक्त काही गोष्टी आधी ठरवा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. कच्चं रेखाटन दाखवून मान्य करून घ्या, आणि त्यानंतरचे मोठे बदल वेगळ्या मोबदल्यात, हे सुरुवातीलाच लिहून द्या. शक्य असेल तर फोटोवर भागवू नका, एकदा तरी त्या माणसाला समोर बसवा, आणि माणूस हयात नसेल तर त्याला सर्वांत जास्त काळ पाहिलेल्या व्यक्तीशी बोला. मुख्य म्हणजे आठवड्यातले दोन दिवस ऑर्डरच्या कामाला हात लावायचा नाही असं ठरवा आणि घरच्यांनाही ते सांगा. त्या दोन दिवसांत कोणी न मागितलेला कॅनव्हास इझलवर चढवा.